उकळल्यानं जातं ते, उकळूनही राहतं ते

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे जातो. दुपारी रस्ते ओस पडतात, माठातलं पाणीही कोमट होतं. अशा दिवसांत घरात पंधरा दिवसांचं बाळ असेल, तर आजीचा जीव खालीवर होतो. "लेकराले दोन चमचे पाणी तरी पाजा जी, तोंड कोरडं पडलं असंल त्याचं," ती म्हणते. तिची काळजी खरी आहे. आपल्याला घोटाघोटाला पाणी लागतं, तर त्या एवढ्याशा जिवाला तहान लागत नसेल का?

लागते. ती भागवण्याची सोयही झालेली असते. आईच्या दुधात शंभर भागांपैकी सुमारे ८७ भाग पाणीच असतं. बाळ पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध पातळ असतं आणि तहान भागवतं. मागून येणारं दाट दूध भूक भागवतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा अंगावर पितं, थोडं थोडं पितं, आणि त्याला हवं तेवढं पाणी मिळतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि आपला आरोग्य विभाग दोघेही सांगतात की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं. वरचं पाणी नको, मध नको, घुटी नको आणि गुळाचं पाणीही नको. चंद्रपूरच्या मे महिन्यालाही हा नियम लागू आहे. दिवसभरात बाळ सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि लघवी फिक्या रंगाची असेल, तर त्याला पाणी पुरतंय असं समजावं.

दोन चमचे पाण्यानं बिघडतं काय? बाळाचं पोट मुठीएवढंही नसतं. पाण्यानं ते भरलं की बाळ दूध कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूधही कमी बनतं. नवजात बाळाची मूत्रपिंडं अजून कच्ची असतात. पाणी फार झालं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन झटकेसुद्धा येऊ शकतात. आणि तिसरी गोष्ट, जी या प्रकरणाचा गाभा आहे: ते पाणी आलं कुठून?

आई नावाची गाळणी

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोरची या तालुक्यांतली कितीतरी गावं म्हणजे चार-पाच विखुरलेले टोले, म्हणजे छोट्या वस्त्या. कुठे हातपंप आहे, कुठे जुनी विहीर, आणि उन्हाळ्यात कुठे नदीच्या वाळूत उकरलेला झिरा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. अशा ठिकाणी तान्ह्या बाळासाठी पाणी निवडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आईचं शरीर हे काम फार चोख करतं. आई जे पाणी पिते त्यातले जंतू तिच्या पोटात अडतात, दुधात उतरत नाहीत. उलट त्या जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं दुधावाटे बाळाला मिळतात. फ्लोराईडचंही तसंच. आईच्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम फ्लोराईड असलं, तरी तिच्या दुधात ते सहसा ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उतरतं. त्याच पाण्यात डब्याची पावडर कालवली तर बाळाच्या पोटात निदान पन्नासपट फ्लोराईड जाईल. बाजारातलं कुठलंही यंत्र हे सगळं एकत्र करू शकत नाही.

याच मातीत एक मोठं काम उभं राहिलं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ ते १९९८ या काळात गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केलं. त्या बाळाचं वजन करत, श्वास मोजत, ऊब राखायला शिकवत, स्तनपानात अडलेल्या आईला हात देत आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध देत. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या ४७ गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष छापून आले, आणि पुढे २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरभेटी देऊ लागल्या. हे यश अनेक गोष्टींचं मिळून आहे, एकट्या स्तनपानाचं नाही. पण बाळंतिणीच्या शेजारी बसून, बाळ अंगावर नीट लागलंय की नाही हे पाहणारी एक बाई दारात येते, तेव्हा बाटलीचं पाणी शोधण्याची वेळच अनेक घरांवर येत नाही.

'दूध येत नाही' असं वाटणाऱ्या बहुतेक आयांना दूध असतं. बाळ नीट लागलेलं नसतं, किंवा आई थकलेली, उपाशी, घाबरलेली असते. म्हणून डबा आणण्याआधी आशाताईला किंवा नर्सताईला बोलवावं. काढलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजता येतं. मोठ्या रुग्णालयांत मातृदूध पेढ्याही असतात. आशियातली अशी पहिली पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

तरीही काही बाळांना वरचं दूध लागतंच. आई दगावलेली असते, फार आजारी असते, किंवा दुधातून बाळाला बाधेल असं औषध घेत असते. त्या घराला दोष देऊ नये, नेमकी माहिती द्यावी. यापुढची पानं त्या घरासाठी आहेत.

पाण्याला विचारायचे दोन प्रश्न

आपल्याकडे पाणी डोळ्यांनी पारखायची सवय आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, किंवा घागरीच्या आतून निवळीचं बी घासायचं, की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. ही जाण जुनी आणि मोलाची आहे. पण नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. बाळासाठी पाणी घेताना त्याला दोन प्रश्न विचारायचे. यात जिवंत काय आहे? आणि यात विरघळलेलं काय आहे?

जिवंत म्हणजे जंतू. उघडी विहीर, नाला, झिरा, फुटकी नळवाहिनी, ज्यात सगळ्यांचे हात बुडतात तो पाण्याचा गुंड, या सगळ्यांत ते असू शकतात. त्यांच्यावर उतारा सोपा आहे. पाणी चार पदरी स्वच्छ कापडानं गाळावं, खळखळ उकळी येऊ द्यावी, ती मिनिटभर टिकू द्यावी आणि झाकून ठेवावं. हगवणीचे, कावीळ पसरवणारे, पटकीचे, सगळे जंतू त्यात मरतात.

विरघळलेलं म्हणजे क्षार. मोठ्यांना चालणारं पाणी बाळाला बाधतं ते इथे. उकळताना वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी, क्षार भांड्यातच राहतात. दोन लिटर पाणी आटवून एक लिटर केलं तर त्यातल्या फ्लोराईडचं आणि नायट्रेटचं प्रमाण दुप्पट होतं. बाळासाठी म्हणून जास्त काळजी घेऊन अर्धा तास पाणी उकळत ठेवणारी आई नकळत ते अधिक बाधक करत असते. क्षारांवर उतारा चुलीवर नाही. त्यासाठी पाण्याची जागाच बदलावी लागते.

खडक, खत आणि सात वर्षांनी दिसणारे दात

चंद्रपूर हा राज्यातल्या फ्लोराईडबाधित जिल्ह्यांपैकी एक आहे. फ्लोराईड कुणी पाण्यात टाकत नाही, ते खडकातून येतं. काही खनिजांत फ्लोराईड असतं. भूजल अशा खडकांच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरून राहिलं, त्यात चुना कमी आणि सोडा जास्त झाला, की फ्लोराईड पाण्यात उतरतं. म्हणून सहसा उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरच्या पाण्यात ते अधिक सापडतं, आणि एकाच गावात एका बोअरचं पाणी चांगलं तर शंभर पावलांवरच्या दुसऱ्याचं बाधित असू शकतं.

हे बोअर आले ते चांगल्यासाठीच. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव हातपंप बसू लागले. नारूसारखा रोग पायऱ्यांच्या विहिरींवरून पसरे. तो देशातून हद्दपार झाला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला, यात झाकलेल्या पाण्याचा मोठा वाटा आहे. पण जमिनीत जितकं खोल जावं तितके जंतू कमी आणि खडकाचे क्षार जास्त, हा सौदा त्यासोबत आला.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. ही मर्यादा सगळ्यांसाठी आहे. डब्याच्या दुधावरचं बाळ मात्र वजनाच्या मानानं आपल्या कितीतरी पट पाणी पितं. पाच किलोचं बाळ दिवसाला पाऊण लिटर दूध पितं असं धरा. पन्नास किलोच्या माणसानं रोज साडेसात लिटर पाणी प्यावं, तसंच ते झालं. त्याच महिन्यांत हिरडीच्या आत कायमच्या दातांची लुकण, म्हणजे वरचं कडक आवरण, घडू लागते. समोरच्या दातांची सुरुवात पहिल्या काही महिन्यांतच होते. फ्लोराईड जास्त झालं तर लुकण कच्ची राहते, पण हे कळतं मुलाचे दुधाचे दात पडून नवे आल्यावर, सहा-सात वर्षांनी. तेव्हा पांढरे चट्टे, मग तपकिरी पट्टे दिसतात आणि ते घासून जात नाहीत.

दुसरा क्षार नायट्रेट. तो खडकातून नव्हे, आपल्याच अंगणातून येतो: विहिरीला लागून असलेला उकिरडा, गोठा, शोषखड्डा, शेतातला युरिया. पावसाबरोबर तो झिरपत उथळ विहिरीत उतरतो. १९४५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी दोन तान्ह्या बाळांची हकिकत छापली. दोघांनाही शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात दूध करून दिलं जात होतं, आणि दोघंही निळी पडली होती. तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं. तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राईट करतात, आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. ओठ, नखं निळसर राखाडी दिसतात, बाळ सुस्तावतं. मोठ्या माणसाला त्याच पाण्यानं सहसा असं होत नाही. म्हणून 'आम्ही सगळे हेच पितो' हे बाळाच्या बाबतीत प्रमाण धरता येत नाही. आपल्याकडे नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे.

तिसरं नाव लोहाचं. हातपंपाचं पाणी भांड्यात थोडा वेळ ठेवलं की लालसर होतं, भात काळपट होतो, कपड्यांवर डाग पडतात. बायांना ते नकोसं होतं, आणि अनेकदा हातपंप सोडून नाल्यावर किंवा विहिरीवर घागर जाते. लोहाचा लाल रंग दिसायला वाईट, पण नाल्यातले न दिसणारे जंतू बाळाला कितीतरी घातक असतात. लाल पाणी रात्रभर उघड्या तोंडाच्या भांड्यात, वर कापड बांधून ठेवावं आणि सकाळी वरचं पाणी हलकेच गाळून घ्यावं. बरंचसं लोह तळाशी बसतं.

कुठलं पाणी घ्यावं

अंदाजानं ठरवू नका, तपासा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात निदान पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यांच्याकडच्या तपासणी संचात फ्लोराईड, नायट्रेट आणि लोह रंगावरून कळतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, पुरेशी आहे का ते थेंब टाकून पाहतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. भूजल सर्वेक्षणाच्या आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळांत पक्का अहवाल मिळतो. पोटात बाळ असतानाच, सातव्या-आठव्या महिन्यात, घराच्या पाण्याचा हा अहवाल मागून ठेवावा. एखाद्या हातपंपाला लाल रंग दिला असेल तर तो शोभेसाठी दिलेला नाही, ते पाणी पिऊ नये असा त्याचा अर्थ आहे.

धरणाचं किंवा नदीचं शुद्ध केलेलं नळाचं पाणी, चंद्रपूर शहराला इरई धरणातून येतं तसं, फ्लोराईडच्या दृष्टीनं सहसा बरं असतं, आणि उकळलं की बाळाला चालतं. गावात बोअर आणि विहीर दोन्ही असतील तर ज्याचं फ्लोराईड आणि नायट्रेट मर्यादेत आहे तो स्रोत निवडावा आणि त्याचे जंतू चुलीवर मारावे. दोन्ही बाधित असतील तर दुसऱ्या टोल्यावरून रोज दोन लिटर पाणी आणावं. बाळाला लागतं तेवढंच. अख्ख्या घराचं पाणी बदलणं जमत नाही, पण एका बाळाचं बदलता येतं. पावसाचं पाणी क्षारांपासून जवळजवळ मुक्त असतं. पहिले काही पाऊस जाऊ देऊन, धुतलेल्या छपरावरून, झाकलेल्या टाकीत साठवलं तर उकळून वापरता येतं.

आरओ यंत्र फ्लोराईड आणि नायट्रेट बऱ्याच अंशी काढतं. अतिनील दिव्याचं यंत्र फक्त जंतू मारतं, क्षारांना हात लावत नाही. दुकानातून येणारा वीस लिटरचा कॅन आणि सीलबंद बाटली यांतलं पाणी निर्जंतुक असतं असं समजू नये. बाळासाठी तेही उकळावंच. नागपूरच्या 'नीरी' संस्थेनं विकसित केलेल्या नळगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुन्यानं फ्लोराईड काढतात. पण प्रमाण चुकलं तर उपयोग होत नाही, म्हणून ती गावपातळीवर, मोजमाप जाणणाऱ्याच्या हाती असावी.

डब्याचं दूध कालवताना

इथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला नावाचे जंतू क्वचित असू शकतात, आणि दोन महिन्यांच्या आतल्या किंवा कमी दिवसांच्या बाळाला ते जीवघेणे ठरू शकतात. म्हणून पाणी उकळून पार गार करून त्यात पावडर घालणं पुरेसं नाही. पाण्यानं पावडरीतले जंतूही मारले पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये दिलेला नियम असा: पावडर कालवताना पाणी किमान ७० अंश सेल्सियस गरम असावं. एक लिटर पाणी उकळून झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत वापरावं. पेलाभरच उकळलं असेल तर ते लवकर निवतं, म्हणून पाच-दहा मिनिटांतच घ्यावं.

आधी साबणानं हात धुवावे. वाटी, चमचा, पेला घासून, पाण्यात बुडवून उकळून घ्यावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं, कारण बाटलीच्या बोंडात आणि तिच्या कोपऱ्यांत दूध साचून जंतू वाढतात. भांड्यात आधी मोजून गरम पाणी घ्यावं, मग डब्यातल्याच चमच्यानं, वर सपाट करून, डब्यावर लिहिलं असेल तेवढी पावडर घालावी. ढवळून झालं की भांडं गार पाण्यात धरून निववावं आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावं. कोमट लागलं की पाजावं. दोन तासांत न संपलेलं दूध टाकून द्यावं. उष्टं दूध पुन्हा कधीही देऊ नये.

प्रमाणाच्या बाबतीत आणखी एक कळवळ्याची गोष्ट. डबा महाग असतो, आणि तो पुरवायचा म्हणून काही घरांत दोन चमच्यांच्या जागी एक चमचा पडतो. दूध पांढरं दिसतं, बाळ पितं, पोट भरल्यासारखं वाटतं, पण वजन वाढत नाही. पावडर जास्त घातली तरी त्रास आहे, क्षारांचा भार वाढतो. हे लपवू नये. डबा परवडत नसेल तर आशाताईला, डॉक्टरांना मोकळेपणानं सांगावं.

डब्यांची जाहिरात टीव्हीवर दिसत नाही, याचंही कारण आहे. १९७० च्या दशकात गरीब देशांत डब्याच्या दुधाचा जोरदार प्रचार झाला. अशुद्ध पाण्यात, पातळ करून दिलेल्या दुधानं असंख्य बाळं आजारली आणि दगावली. जगभर संताप उठला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं विक्रीची आचारसंहिता मंजूर केली, आणि भारतानं १९९२ मध्ये कायदाच केला. त्यानुसार दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या अशा दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुने वाटता येत नाहीत. हा कायदा स्तनपान जपण्यासाठी आणि वाढवण्यासाठी झाला.

पहिला पेला

बाळाला हगवण लागलीच तर अंगावर पाजणं थांबवू नये. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट विरघळवून घोटघोट द्यावं आणि आशाताईकडून झिंकची मात्रा विचारून घ्यावी. टाळू खोल गेली, डोळे ओढल्यासारखे झाले, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा बाळ पिईनासं झालं, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

सहा महिने पूर्ण झाले की घट्ट वरण-भात सुरू होतो आणि त्यासोबत वाटीनं पाणी. तेही उकळून गार केलेलं, झाकलेलं, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढलेलं. तोवर बाळाचं पाणी आईच्या अंगातून येतं. आणि ते पाणी आणतं कोण? बहुतेक घरांत सव्वा महिना झाला की बाळंतीणच पुन्हा घागर घेऊन उन्हात निघते, सगळ्यांची भांडी भरते आणि स्वतः शेवटी पिते. म्हणून त्या आजीला एवढंच सांगावंसं वाटतं: आजी, तुमची काळजी खरी आहे, फक्त पेला दुसऱ्या हातात द्या. तपासलेलं, उकळलेलं, गार केलेलं ते पाणी बाळाच्या ओठांना लावू नका. दर वेळी बाळंतीण पाजायला बसली की भरून तिच्यापुढे ठेवा, आणि तिची घागर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाऊ द्या.